शुद्ध की वद्य, आणि कुणाचा कार्तिक? तिथी अचूक काढण्याची रीत

१३ नोव्हेंबर २०२५ ला बाबांचं श्राद्ध व्हायला हवं होतं. मी ते १३ डिसेंबरला धरलं. बरोबर एक महिना चुकला.

पहिलं वर्षश्राद्ध गुरुजींनीच दिवस काढून दिल्यामुळे वेळेवर झालं होतं. दुसऱ्या वर्षी ते गावी गेलेले, म्हणून मी मोबाईलवरच्या एका पंचांगात बाबा गेले ती तारीख घातली. समोर आलं ‘मार्गशीर्ष कृष्ण नवमी’. ते डायरीत लिहिलं आणि भिंतीवरच्या मराठी कॅलेंडरात मार्गशीर्ष वद्य नवमी शोधून त्या चौकटीला गोल केला. तारीख दर वर्षी मागेपुढे होते हे माहीत होतं, त्यामुळे शंकाही आली नाही. डिसेंबर उजाडल्यावर गुरुजींना फोन केला तेव्हा ते म्हणाले, “ताई, बाबांची नवमी कार्तिकातली. ती होऊन गेली.” आई शेजारीच बसली होती. ती काही बोलली नाही, फक्त डायरी स्वतःकडे ओढून घेऊन ते पान दोनदा वाचलं.

पंचांग चुकीचं नव्हतं. ते उत्तरेकडच्या पद्धतीचं होतं आणि मी ते मराठी पद्धतीने वाचलं. तेव्हापासून पक्ष आणि तिथी हा विषय मी नीट समजून घेतला. ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीत आता कुणाला वाढदिवसाची, पुण्यतिथीची तिथी काढायची असली की माझ्याकडे येतात. त्यांना जे सांगते तेच इथे क्रमाने लिहिते आहे.

आधी तिथी म्हणजे काय ते पक्कं करा

आकाशात सूर्य आणि चंद्र यांच्यातलं अंतर अंशांत मोजतात. अमावास्या संपते त्या क्षणी ते शून्य असतं. चंद्र पुढे सरकतो आणि दर १२ अंशांना एक तिथी पुरी होते. ३६० अंशांत अशा ३० तिथी बसतात. शून्य ते १८० अंश हा शुद्ध किंवा शुक्ल पक्ष, त्याच्या शेवटी पौर्णिमा. १८० ते ३६० हा वद्य किंवा कृष्ण पक्ष, त्याच्या शेवटी अमावास्या. शुद्ध म्हणा, शुक्ल म्हणा, जुन्या कागदांत सुदी म्हणा, एकच. तसंच वद्य, कृष्ण आणि वदी.

इथे मध्यरात्रीचा काही संबंध नाही. तिथी दुपारी सव्वादोनला सुरू होऊ शकते आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी संपू शकते. चंद्राचा वेग सारखा नसतो, पृथ्वीजवळ असला की भरभर जातो, लांब असला की रेंगाळतो. म्हणून एखादी तिथी १९-२० तासांत आटपते, तर एखादी २६ तासांपर्यंत लांबते. अमावास्येपासून अमावास्येपर्यंत सरासरी २९ दिवस १२ तास ४४ मिनिटं लागतात. ३० तिथी त्यात बसवायच्या, त्यामुळे सरासरी तिथी आपल्या दिवसापेक्षा थोडी लहानच. पंधरवडा म्हणतो आपण, पण तो पंधराच दिवसांचा असतो असं नाही. बहुतेक वेळा १४ किंवा १५ दिवसांचा, क्वचित १६ आणि फारच क्वचित १३ दिवसांचा.

चौकटीतला आकडा कसा वाचायचा

कॅलेंडरच्या चौकटीत छापलेली तिथी ही त्या दिवशी सूर्योदयाला चालू असलेली तिथी, म्हणजे उदयतिथी. शेजारी ती कधी संपते त्याची वेळ असते. बहुतेक जण तिथी वाचतात आणि वेळ सोडून देतात. सगळा घोटाळा तिथेच होतो.

काही पंचांगांत वेळ २४ च्या पुढे जाते. ‘२८.३०’ दिसलं तर त्यातून २४ वजा करा, म्हणजे दुसऱ्या दिवशीची पहाट, साडेचार. कुठे ‘उ. रा.’ म्हणजे उत्तररात्र लिहितात. जुन्या पद्धतीच्या पंचांगांत घटी-पळं असतात. एक घटी २४ मिनिटांची, आणि ती सूर्योदयापासून मोजायची. वेळेच्या जागी ‘अहोरात्र’ असेल तर ती तिथी त्या दिवशी संपतच नाही. दुसऱ्या दिवशीच्या सूर्योदयालाही तीच असते, म्हणजे तिथीची वृद्धी झाली.

उलट प्रकार क्षयाचा. तिथी एका सूर्योदयानंतर सुरू होते आणि दुसऱ्या सूर्योदयाआधी संपते, म्हणून तिला स्वतःचा सूर्योदयच मिळत नाही. २०२६ चा गुढीपाडवा याचं फार चांगलं उदाहरण आहे. १९ मार्चला ठाण्यात सूर्योदय पावणेसातच्या सुमारास, आणि अमावास्या संपली सहा वाजून बावन्न-त्रेपन्न मिनिटांनी. सूर्य उगवला तेव्हा फाल्गुनाची अमावास्याच होती. त्यानंतर लागलेली प्रतिपदा २० तारखेच्या पहाटे पाचच्या आधी संपली. तरी पाडवा १९ लाच, कारण प्रतिपदा होती ती त्याच दिवसात. कोपिनेश्वर मंदिराकडून निघणारी स्वागतयात्राही त्याच सकाळची. चौकटीत ‘अमावास्या’ आणि खाली ‘गुढीपाडवा’ पाहून अनेकांना छपाईची चूक वाटते. ती चूक नसते.

यातच गाव का महत्त्वाचं ते कळतं. द्वारका ठाण्याच्या बरीच पश्चिमेला. तिथे त्या दिवशी सूर्य सातला एक-दोन मिनिटं कमी असताना उगवतो, म्हणजे तिथल्या सूर्योदयाला प्रतिपदा लागलेली होती. तिथी संपण्याचा क्षण सगळ्या भारतात एकच, सूर्योदय मात्र ज्याच्या त्याच्या गावचा. मोबाईलवरच्या पंचांगात गाव आपलं घातलेलं आहे का, हे म्हणून आधी बघा. मुंबई आणि ठाणे-वाशीत फरक मिनिटाच्याही आतला, तेव्हा मुंबईच्या वेळा आपल्याला खुशाल चालतात. नागपूरच्या नाही चालत, तिथे सुमारे २५ मिनिटांचं अंतर पडतं.

महिन्याचं नाव: माझी चूक झाली ती जागा

महाराष्ट्रात महिना अमावास्येला संपतो. गुजरात, कर्नाटक, आंध्र-तेलंगणातही तसंच. याला अमान्त पद्धत म्हणतात. उत्तर भारतात महिना पौर्णिमेला संपतो, ती पौर्णिमान्त. आपल्याकडे आधी शुद्ध पक्ष, मग वद्य. त्यांच्याकडे आधी कृष्ण, मग शुक्ल.

परिणाम असा की शुद्ध पक्षात दोघांच्या महिन्याचं नाव एकच असतं. वद्य पक्षात त्यांचं नाव एका महिन्याने पुढे असतं. आकाशातला चंद्र तोच, तिथी तीच, फक्त नाव वेगळं.

उपवन तलावावर छठपूजेची गर्दी होते ती कार्तिक शुक्ल षष्ठीला. आपल्याकडेही ती कार्तिक शुद्ध षष्ठीच, कारण पक्ष शुद्ध. पण शेजारच्या भाभींचा करवा चौथ त्यांच्या लेखी कार्तिक कृष्ण चतुर्थीचा, आणि आपल्या लेखी तो दिवस आश्विन वद्य चतुर्थी, म्हणजे आपली संकष्टी. दोन्ही घरांत त्या रात्री गॅलरीत उभं राहून एकाच चंद्राची वाट पाहतात. त्यांचे सावनचे सोमवार आपल्या श्रावणी सोमवारांच्या पंधरा दिवस आधी सुरू होतात, तेही याच कारणाने. गोकुळाष्टमी आपल्याकडे श्रावणात आणि त्यांच्याकडे भाद्रपदात, महाशिवरात्र आपली माघात आणि त्यांची फाल्गुनात, पण दिवस तोच. वाशीच्या बाजार समितीतल्या गुजराती व्यापाऱ्याचं वर्ष दिवाळीनंतरच्या कार्तिक शुद्ध प्रतिपदेला सुरू होतं, पण महिने आपल्यासारखेच अमान्त.

म्हणून नियम एवढाच: हिंदी पंचांगात ‘कृष्ण’ दिसलं की महिना एकने मागे घ्या. ‘मार्गशीर्ष कृष्ण’ म्हणजे आपला कार्तिक वद्य. ‘शुक्ल’ दिसलं तर जसंच्या तसं घ्या. मोबाईलवरच्या पंचांगात सेटिंगमध्ये अमान्त-पौर्णिमान्त निवडायची सोय बहुधा असते. ती एकदा बदलून ठेवा.

सरकारी कागदावरचा ‘चैत्र’ यात आणू नका. १९५७ पासूनचं भारतीय राष्ट्रीय कॅलेंडर सौर आहे. त्याचा १ चैत्र २२ मार्चला, लीप वर्षी २१ ला. त्यात पक्षच नसतो.

जुन्या तारखेवरून तिथी काढताना

बाबांचंच उदाहरण घेते. ६ डिसेंबर २०२३, पहाटे साडेचार, ठाणे.

जन्म किंवा मृत्यूच्या क्षणी जी तिथी चालू होती ती धरायची. त्या दिवशीच्या चौकटीत छापलेलीच ती असेल असं नाही. पहाटेची वेळ असेल तर हे फारच जपावं लागतं, कारण इंग्रजी तारीख मध्यरात्री बदललेली असते, पण पंचांगाचा दिवस सूर्योदयापर्यंत जुनाच चालू असतो. म्हणून आधी आदल्या दिवसाची, ५ डिसेंबरची चौकट पाहायची. तिथे कार्तिक वद्य अष्टमी, संपण्याची वेळ रात्री साडेबाराच्या सुमारास. साडेबारा वाजून गेल्यावर नवमी लागली. पहाटे साडेचारला नवमी चालू होती, आणि ६ तारखेच्या सूर्योदयालाही नवमीच. उत्तर: कार्तिक वद्य नवमी. बाबा चार-साडेचार तास आधी गेले असते तर अष्टमी झाली असती, म्हणून वेळ लिहून ठेवणं किती गरजेचं ते पाहा.

जुनं कॅलेंडर हाताशी नसेल आणि सूर्य-चंद्राचे अंश मिळाले, तर हिशोब स्वतः करता येतो. चंद्राच्या अंशांतून सूर्याचे वजा करा. उत्तर ऋण आलं तर ३६० मिळवा. त्याला १२ ने भागा, पूर्णांकात १ मिळवा. त्या पहाटे अंतर होतं सुमारे २७८ अंश. २७८ भागिले १२ म्हणजे २३ पूर्ण आणि थोडं वर. म्हणजे चोविसावी तिथी चालू. १५ च्या पुढचा आकडा आला की पक्ष वद्य, आणि २४ मधून १५ गेले, राहिले ९. नवमी.

आणि मला आठवतं, हॉस्पिटलच्या मागच्या जिन्याच्या खिडकीतून पूर्वेला बराच वर अर्धा चंद्र दिसत होता. त्याची उजळ बाजू खाली, पारसिकच्या डोंगराकडे होती. तेव्हा त्याचा अर्थ कळत नव्हता. आता कळतो: पहाटेचा अर्धा चंद्र वद्य अष्टमी-नवमीचाच असतो.

आकाशाकडे बघून ताळा करा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. मला मात्र हीच सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण एकदा डोळ्यांना सवय झाली की शुद्ध आणि वद्य यांत चूक होऊच शकत नाही.

ठाण्याला यासाठी फार सोयीची जागा मिळाली आहे. पश्चिमेला येऊरचा डोंगर, पूर्वेला खाडी आणि पलीकडे पारसिक. सूर्यास्तानंतर चंद्र आकाशात चढलेला दिसला की शुद्ध पक्ष. बिजेची कोर येऊरवर थोडा वेळ दिसते आणि मावळते. दर दिवशी चंद्र सूर्यापासून लांब जातो, सरासरी ५० मिनिटं उशिरा मावळतो. शुद्ध अष्टमीला संध्याकाळी तो जवळजवळ डोक्यावर असतो. पौर्णिमेला इकडे सूर्य येऊरमागे जातो आणि तिकडे चंद्र पारसिकवर येतो. मासुंदा तलावाच्या काठावर उभं राहून हे एकदा तरी बघावं. पौर्णिमेनंतर संध्याकाळी चंद्र गायब, उशिरा उगवतो, तो वद्य पक्ष. वद्य अष्टमीला मध्यरात्रीच्या सुमारास. कृष्णजन्म मध्यरात्री मानतात आणि त्याच सुमारास अष्टमीचा चंद्र वर येतो, हे मी गोकुळाष्टमीला मुलांना दाखवते.

तिथी मोजायची असेल तर हात ताणून मूठ धरा. एक मूठ म्हणजे साधारण १० अंश. सूर्यास्ताच्या वेळी सूर्यापासून चंद्रापर्यंत मुठी मोजा, दहाने गुणून बाराने भागा. सात मुठी भरल्या तर ७० अंश, पाच तिथी पुऱ्या, षष्ठी चालू. नेरुळ-बेलापूरला ताई राहते, तिच्याकडून पश्चिम क्षितिज खाडीकडे मोकळं असल्याने हे आणखी सोपं जातं.

संकष्टीला मात्र छापलेली चंद्रोदयाची वेळ ही सपाट क्षितिजाची असते. वर्षभरात ती साधारण रात्री साडेआठ ते साडेदहाच्या दरम्यान फिरते. समोर डोंगर किंवा टॉवर असेल तर चंद्र काही मिनिटं उशिरा दिसणार. घाबरून जाऊ नका, पंचांग बरोबरच आहे.

खाडीचं गणित

चेंदणी कोळीवाड्यातल्या जुन्या माणसांना पक्षापेक्षा तिथीचा आकडा महत्त्वाचा. त्यांचा हिशोब: तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे तीन वाजता. अष्टमीला सहा. पंचमीला पावणेचार. दुपारी जी वेळ, तीच साधारण रात्रीही, आणि दोन्हींच्या मध्ये सहा तासांनी ओहोटी. पक्ष शुद्ध असो की वद्य, आकडा तोच चालतो, कारण समुद्राला सूर्य-चंद्र एका रेषेत आहेत एवढंच कळतं. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे कमी जोराची भरती-ओहोटी. हा हिशोब मुंबईच्या किनाऱ्याचा. पाणी खाडीतून आत ठाण्यापर्यंत यायला आणखी वेळ लागतो.

दीड दिवसाच्या गणपतीचं विसर्जन भाद्रपद शुद्ध पंचमीला. पावणेचारला भरती, त्यानंतर पाणी उतरायला लागतं. खाडीवर जाणार असाल तर हा हिशोब करूनच निघा. ऐरोलीहून फ्लेमिंगो बघायला निघणाऱ्या बोटींच्या वेळा रोज का बदलतात तेही यातच आलं. त्या भरतीला धरून असतात. पावसाळ्यात साडेचार मीटरच्या वरची भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आले की सखल भागात पाणी तुंबतं. असे दिवस पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागेच येतात.

तिथी दोन दिवस असेल तेव्हा

उदयतिथी हा सगळ्याच गोष्टींचा नियम नाही. प्रत्येक कृत्याची एक वेळ ठरलेली असते आणि त्या वेळी तिथी हवी. संकष्टीला चंद्रोदयाच्या वेळी चतुर्थी हवी, गणेश चतुर्थीला माध्यान्ही, प्रदोषाला सूर्यास्तानंतर त्रयोदशी. श्राद्धाला अपराण्ह. दिवसाचे पाच समान भाग करून त्यातला चौथा म्हणजे अपराण्ह. नोव्हेंबरात ठाण्यात तो साधारण दीड ते पावणेचार असतो. त्या वेळात तिथी ज्या दिवशी आहे तो दिवस धरायचा.

२०२४ च्या दिवाळीत अमावास्या ३१ ऑक्टोबरला दुपारी चारच्या सुमारास लागली आणि १ नोव्हेंबरला संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास संपली. सूर्यास्त सहा वाजून गेल्यावर, म्हणजे दोन्ही दिवशी प्रदोषकाळाला अमावास्येचा स्पर्श होता. महाराष्ट्रातल्या पंचांगांनी लक्ष्मीपूजन १ तारखेला दिलं, उत्तरेत अनेकांनी ३१ ला केलं. अशा वेळी आपल्या घरी जे पंचांग चालतं ते धरा आणि त्यालाच चिकटून राहा. दोन पंचांगांतून सोयीचा दिवस निवडू नका. एकादशीला ‘स्मार्त’ आणि ‘भागवत’ असे दोन दिवस दिले असतील तर वारकरी घरांनी भागवत धरावी.

अधिक महिना आणि डायरीतली ओळ

बारा चांद्रमहिने मिळून सुमारे ३५४ दिवस होतात, त्यामुळे तिथी दर वर्षी ११ दिवस मागे येते. साधारण ३२-३३ महिन्यांनी अधिक महिना आला की ती पुन्हा पुढे उडी मारते. बाबांची नवमी २०२४ ला २४ नोव्हेंबरला आली, २०२५ ला १३ नोव्हेंबरला. २०२६ ला १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ, म्हणून ती २ डिसेंबरला. कुणाचा वाढदिवस ज्येष्ठातला असेल तर तो निज, म्हणजे अधिकानंतर येणाऱ्या नेहमीच्या ज्येष्ठात करायचा. अधिकात मृत्यू झाला असेल किंवा वर्षश्राद्ध अधिकात येत असेल, तर मात्र गुरुजींना विचारूनच ठरवा.

नवीन डायरीत आईने आता स्वतःच्या हाताने लिहिलं आहे. तुम्हीही असंच लिहा, एकही शब्द गाळू नका:

‘शके १९४५, कार्तिक (अमान्त) वद्य ९. ६ डिसेंबर २०२३, पहाटे ४.३०, ठाणे.’